बादलीची चुगली

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या रो-हाऊसमध्ये कमरेएवढी भिंत आहे. बिल्डरने ती हद्द म्हणून बांधली. आम्ही दोघी गेली बावीस वर्षं ती ओट्यासारखी वापरतो. तिच्यावर कढीपत्ता ठेवायचा, साटोऱ्यांची ताटली ठेवायची, आणि काहीच ठेवायला नसेल तेव्हा कोपर ठेवायचे.

चैत्रातली सकाळ, पावणेआठची वेळ. मी अनंताच्या बुंध्याशी पाणी घालत होते, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"वहिनी, एक विचारू? राग नका मानू हं."

'राग नका मानू' म्हटलं की मी निम्मा राग आधीच मानून ठेवते. "विचारा की."

"तुमच्याकडे कुठे उंदीर मेलाय का हो?"

"उंदीर कशाला मरतोय! खत होतंय ते."

"खत होय! आणि मी दोन दिवस आमचा माळा उपसतेय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पाडव्याला मी मनाशी ठरवलं होतं, ओला कचरा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. जुन्या ड्रमला यांच्याकडून भोकं पाडून घेतली, तळाला नारळाच्या शेंड्या पसरल्या आणि स्वयंपाकघरातलं सगळं त्यात टाकायला लागले. आठ-दहा दिवस बरे गेले. मग वास सुटला. मग चिलटं आली. काल झाकण उघडलं तर आत अळ्यांची जत्रा.

वहिनी वाईकडच्या. माहेरी शेती, त्यामुळे खताचा खड्डा त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. त्या भिंतीवरून वाकल्या आणि म्हणाल्या, "उघडा बघू झाकण."

"अहो, वास येईल."

"तो काय, झाकणाला विचारून येतोय?"

उघडलं. वहिनींनी डॉक्टरांसारखं आत पाहिलं. "आमटी ओतलीत?"

"उरली होती वाटीभर."

"आणि वरून कोरडं काय घातलंत?"

"कोरडं?"

"तरीच!" वहिनींनी पदर नाकाला लावला. "एकटं ओलं घातलं की आत वारा खेळत नाही. मग ते कुजण्याऐवजी सडतं. ओलं एक ओंजळ घातलं की वर वाळका पाला दोन ओंजळी. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करायचं. मूठ दाबून बघायची, ओल जाणवली पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. आंबट ताक असेल तर शिंपडा थोडं. आणि त्या अळ्यांना घाबरू नका, त्या कामाला आल्यात. तुम्ही त्यांना पगार देत नाही, निदान नावं तरी ठेवू नका."

"पण पाला आणू कुठून?"

"रोज सकाळी कोपऱ्यावर कोण पेटवतं सांगा? निम्म्या गल्लीच्या डोळ्यांना पाणी येतं त्या धुराने. जाळायला बंदी आहे म्हणतात, पण काडेपेटीला कोण सांगणार! उद्यापासून म्हणावं, जाळू नका, पोतं भरून आमच्याकडे द्या."

एवढं झाल्यावर वहिनींनी मूळ प्रश्न काढला. "पण हे खूळ आलं कुठून?"

"लेकीने बंगळूरहून पाठवलं. तिने म्हणे आमच्या घराचा कार्बन मोजला."

"कार्बन?" वहिनी नोकरीत टायपिस्ट होत्या. "आमच्या वेळी कार्बन म्हणजे दोन कागदांमधला. बोटं काळी व्हायची आणि एक जोराने ठोकलं की खाली चार प्रतींवर उमटायचं."

"तसंच आहे हो हे. आपण वर काय ते करतो, खाली कुठेतरी उमटतं."

"मग आपलं कुठे उमटतं?"

"फुरसुंगीत."

वहिनी गप्प झाल्या. पुण्यात राहणाऱ्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगी सांगावी लागत नाही. वर्षानुवर्षं आपण दारात ठेवलेलं सगळं तिथे जात राहिलं. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, ढीग पेटायचे, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या. "आपल्या घरातल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओलाच असतो," मी म्हटलं. "तो सुक्याशी मिसळून ढिगात दाबला गेला की त्याचं माझ्या ड्रमसारखं होतं. वारा नाही, मग मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीस पटीने जास्त तापवतो."

"म्हणजे तुमची आमटी फुरसुंगीला जाऊन मेली असती तर जास्त वाईट."

"हो. म्हणून ती इथे मरतेय."

"मरू दे, पण पाला घाला."

मग गप्पा आपल्या वाटेला लागल्या, म्हणजे दुसऱ्यांच्या घराकडे.

"चार नंबरवाल्यांनी तर मशीनच आणलंय," वहिनींनी आवाज खाली आणला. "विजेवर चालणारं. सकाळी सालं घाला, रात्री खत तयार."

"खत कसलं! रात्रीतून खत होत नसतं. तो नुसता वाळवलेला चुरा. कुंडीत घातला की ओला होऊन पुन्हा कुजायला लागतो. तुमच्या मातीला दोन-तीन महिने लागतात, तिला काय हौस असते होय?"

"आणि नऊ नंबरच्या? त्या लिंबाच्या सालीचं ते एन्झाइम करतात."

"ते चांगलं असतं हो. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, आणि तीन महिने ठेवायचं. फरशी पुसायला छान."

"छान काय! झाकण घट्ट लावून ठेवलं आणि गेल्या बाई लेकीकडे. सुरुवातीच्या महिन्यात रोज झाकण सैल करून वाफ सोडायची असते ना? रात्री दोन वाजता फाट्कन बाटली फुटली. भाऊजी उठले ते सिलिंडर फुटला म्हणून बनियनवर रस्त्यावर! सगळ्या स्वयंपाकघरात गूळ. मुंग्या अजून जात नाहीत."

आम्ही दोघींनी यथेच्छ हसून घेतलं. मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. "आणि ते कोपऱ्यावरचे सर? रोज पहाटे एसयूव्ही काढून तळजाईला चालायला जातात. इथे घराशेजारी टेकडी असताना!"

"चालायला गाडीने?"

"तेच तर. जाऊन-येऊन दहा किलोमीटर. त्या धुडाला लिटरभर पेट्रोल लागत असेल. एका लिटरमधून सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे पोट कमी करायला जातात आणि वजन हवेत सोडून येतात."

"त्यांची सून तरी जागरूक आहे म्हणे. बांबूचे टूथब्रश मागवले."

"मागवले ना! चार ब्रश, प्रत्येकाला एक खोकं, त्या खोक्यांना मोठं खोकं, आणि मध्ये फुगे फोडायचं ते प्लॅस्टिक. ब्रश कुजायच्या आत नातवाने सगळे फुगे फोडून संपवले."

पाण्याची झारी मी बाजूला ठेवली. वहिनींनी भिंतीवर दोडकी आणून ठेवली होती आणि बोलता बोलता शिरा काढत होत्या. शिरा एका वाटीत, दोडकी दुसऱ्या.

"या तुमच्या ड्रमला द्यायच्या नाहीत हं," त्यांनी बजावलं. "शिरांची चटणी होते. तीळ, सुकं खोबरं, कढईत खमंग होईपर्यंत परतायचं. दुधीच्या सालीचीही होते. फ्लॉवरचे दांडे आमटीत, कोबीचा दांडा आत राहतो तो किसून कोशिंबिरीत. कलिंगडाचा पांढरा भाग आमच्या सासूबाई थालीपिठात घालायच्या. तुमच्या लेकीच्या भाषेत याला काय म्हणतात?"

"तिच्या भाषेत याला एक मोठं इंग्रजी नाव आहे आणि त्याचं दोन दिवसांचं शिबिर असतं."

"फी किती?"

"विचारू नका."

"माझ्या सासूने फुकट शिकवलं आणि वर टोमणेही दिले." वहिनी हसल्या. "शिळ्या पोळीचा कुस्करा, भाताला फोडणी, आणि साड्यांची गोधडी. साडी, मग परकर, मग पिशवी, मग पायपुसणं. पायपुसण्यालासुद्धा निवृत्ती मिळायची नाही, ते गाडी पुसायला जायचं. आणि ज्याचं काहीच होणार नाही ते बोहारणीला. दोन पँटी आणि एक शालू यांच्यावर एक स्टीलचा डबा मिळवायला आई तासभर भांडायची. बोहारीण उठून जायची, परत यायची, पुन्हा बसायची."

"आता कुठे येतात बोहारणी?"

"कमीच. आता ऑनलाइन कपडा आवडला नाही की परत पाठवतात. तो माणूस येतो, स्कूटरवर घेऊन जातो. भांडणाची मजाच गेली."

मी म्हटलं, "पण वहिनी, सगळंच जुनं चांगलं होतं असंही नाही. आंघोळीचा बंब आठवतो? धुराने आईचे डोळे कायम लाल."

"आठवतो तर. बंब पेटवणारे हात नेहमी बायकांचेच. काटकसर म्हणजे घरातल्या बाईच्या कंबरेवरच उभी. हे पर्यावरणही तसंच होऊ नये म्हणजे मिळवली. तुमच्या ड्रममधलं खालीवर कोण करतं?"

मी गप्प बसले. कोण करतं ते सांगायची गरज नव्हती.

"भाऊजींना लावा कामाला," वहिनी म्हणाल्या. "व्यायाम होईल, तोही गाडी न काढता."

विषय बदलायला मी मंडईची पिशवी काढली. "तुमची ती पायजम्याची पिशवी फार टिकली हो."

"नाडीसकट शिवलीय. भाजी घेतली की तोंड आवळायचं. २०१८ साली राज्यात पिशव्यांवर बंदी आली तेव्हा भाजीवाला म्हणाला, ताई, आता आपण सुधारलो. दोन महिन्यांनी पिशवी गाडीखालून निघायला लागली. २०२२ मध्ये दिल्लीहून दुसरी बंदी आली तरी गाडीखालचा साठा आहेच. मी मात्र पायजमा बदललेला नाही."

"दुधाच्या पिशवीचं काय करता?"

"धुते, वाळवते, सुक्यात देते."

"आणि कोपरा कापताना?"

"कापते. कोपरा टाकून देते."

"तिथेच चुकतं! कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो एवढासा तुकडा गोळा करणाऱ्याच्या हाताला लागत नाही, तो गटारात जातो. पिशवीबरोबर राहिला तर तोही विकला जातो."

"हे मला कोणी सांगितलंच नाही इतकी वर्षं," वहिनींना खरंच वाईट वाटलं. रोजचे दोन, म्हणजे वर्षाचे सातशे तीस कोपरे. हिशेब त्यांनी बोटांवर केला.

"मला आपल्या कचऱ्याच्या ताईंनी सांगितलं."

"त्या महापालिकेच्या ना?"

"नाही हो. 'स्वच्छ'च्या. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये झाली, तिच्यातून पुढे ही सहकारी संस्था उभी राहिली. २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार येतात. आपण महिन्याला देतो ते पैसे आणि सुक्यातलं विकून मिळतं ते, यावर त्यांचं घर. म्हणून सुका कोरडा पाहिजे. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला हातही लावत नाही. आणि ते पॅड, डायपर वेगळे कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही."

"आमच्याकडे आता ठिपका काढायचं वय गेलं. पण इन्शुलिनच्या सुया असतात ह्यांच्या."

"त्या जाड डब्यात, झाकण लावून, वर लिहून. नुसत्या पिशवीत नको. मागे एकदा त्यांच्या बोटात गेली होती."

वहिनी दोडक्याची शीर काढता काढता थांबल्या. "आमच्याकडची नसेल ना?"

"काय माहीत."

थोडा वेळ नुसता सोलाणीचा आवाज. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "बाई बाई, आपण चार नंबर, नऊ नंबर करतो, पण या गल्लीतलं सगळ्यात जास्त त्या ताईंना ठाऊक असणार. कोणाकडे डाएट चालू आहे आणि खाली पिझ्झ्याचं खोकं कोणाचं. कोणाची गोळी वाढली, कोणाची बाटली वाढली."

"आणि बोलत नाहीत त्या कधी."

"कचरा चुगली करतो, त्या करत नाहीत. आपल्याला जमलं असतं?"

आम्ही दोघींनी प्रामाणिकपणे मान हलवली. नसतं जमलं.

"पण वहिनी," मी म्हटलं, "लेक म्हणते, खरा मोठा कचरा बादलीत नसतोच. ज्याची बादली नाही असा तो. विजेचं एक युनिट खर्च झालं की साधारण पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, कारण आपली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशावर. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. एक गॅस सिलिंडर म्हणजे बेचाळीस किलो. त्याची ना घंटा वाजते, ना वास येतो."

"म्हणून तर डाळ भिजवून लावायची, आणि शिट्टी झाली की गॅस बारीक. मी बचतीसाठी करत होते, पुण्य आपोआप झालं."

"पंखेही बदलून टाका. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नवीन बीएलडीसी तिशीत भागवतो. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात."

"पंख्याने काय होतंय यंदा!" वहिनींनी कपाळ पुसलं. "वैशाख अजून लागायचाय आणि हा उकाडा. बरं आठवलं, काल रात्री तुमच्या मागच्या बाजूला घरघर ऐकू येत होती हो सारखी."

"फ्रिज असेल. जुना झालाय."

"आणि मागच्या भिंतीशी पाणी ठिबकत होतं."

"ते होय? अनंताला ठिबक लावलंय," मी म्हटलं आणि लगेच पुढे म्हटलं, "तुम्ही अमेरिकेला कधी निघताय यंदा?"

बाण लागला. वहिनी सावरून बसल्या. "मे महिन्यात. का?"

"काही नाही. लेक सांगत होती, जाऊन-येऊन एका माणसामागे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड जातो. आपल्या देशातला सरासरी माणूस अख्ख्या वर्षात साधारण तेवढाच खर्च करतो."

वहिनींच्या हातातलं दोडकं वाटीत पडलं. "म्हणजे मी पायजम्याची पिशवी शिवली, कोपरे मोजले, आणि विमानात बसले की सगळं पुसलं?"

"पुसलं असं नाही..."

"नातवाचं तोंड बघू नको का मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेकीकडेही नसणार. शेवटी वहिनींनीच काढलं. "गेल्या वर्षी दोनदा गेले, बाळंतपणाला आणि मग बारशाच्या फोटोंसाठी. फोटोंसाठी जायला नको होतं. आता जाईन ती एकदाच, आणि सहा महिने ठाण मांडून बसेन. सूनबाईला कळवा म्हणावं, पर्यावरणासाठी राहतेय."

इतक्यात ढकलगाडीची चाकं वाजली. ताई आल्या. माझी ओली बादली त्यांनी नेहमीच्या जोराने उचलली आणि ती हातात इतकी वर आली की त्या चपापल्या.

"काकू, गावाला गेलता व्हय?"

"नाही बाई. इथेच आहे."

"मग बादली अशी हलकी कशानं? पंधरा दिस बघतीये, रोज उलीशीच."

मला झालेला आनंद सांगता येत नाही. पदक देताना शाल घालतात, तशी ती रिकामी बादली माझ्या खांद्यावर आल्यासारखी वाटली. मी मान किंचित वहिनींकडे वळवली, त्यांनीही कौतुकाने पाहिलं. "खत करतात त्या," वहिनी ताईंना म्हणाल्या, "आजपासून पालाही घालणारेत."

आणि नेमके त्याच वेळी आमचे हे मागच्या दाराने आले. जिन्याखाली, गोणपाटाखाली, गुरुवारी वहिनी भजनाला गेल्या की द्यायचं म्हणून मी जे लपवलं होतं, ते दोन्ही हातांत धरून. मदत करायची इच्छा त्यांना वर्षातून एकदाच होते.

"ताई, हे पण घेऊन जा. खालची अडगळ मोकळी होईल."

खोक्यावर हे एवढं चित्र. बर्फाचे कण, पांढरीशुभ्र पेटी, आणि तिच्याखाली गारेगार हसणारं कुटुंब.

ताईंनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं. "पुठ्ठा चांगलाय, जाईल. पन काकू, ह्ये थर्माकोल कोन घेतंय? वजन न्हाई, भाव न्हाई, गाडीत जागा मातर सगळी खातंय." मग सहज विचारलं, "केवढ्याचा बसला एसी?"

गल्लीत कोकीळ ओरडत होती, तीही थांबली असावी.

पलीकडून आवाज आला, अगदी शांत. "अनंताला ठिबक, नाही का?"

"वहिनी, तो चोवीसवरच लावते हो," मी घाईघाईने म्हटलं. "एक-एक अंश वर ठेवला की सहा टक्के वीज वाचते. ह्यांना रात्री झोप लागत नव्हती..."

"दीड टनी?"

"दीड."

"तासाला एक युनिट धरू. रात्रीचे आठ." टायपिस्ट वहिनी बोटांवर मोजू लागल्या. मला वाटलं, आता सगळ्या प्रतींवर उमटणार, चार नंबरपासून कोपऱ्यावरच्या सरांपर्यंत. "सहा किलो होतात की हो रात्रीला."

मी मान खाली घातली. ताईंनी पुठ्ठा घडी घालून गाडीला अडकवला, थर्माकोलचे तुकडे एका पोत्यात कोंबले, आणि काही न बोलता पुढच्या दाराकडे वळल्या. त्या कुठे बोलतात!

वहिनींनी दोडक्याच्या वाट्या उचलल्या. जाता जाता वळल्या.

"दुपारी घरी आहात ना? दोनला येते. गवार निवडायचीय, देठं तुमच्या ड्रमला. एसी सव्वीसवर ठेवा आणि वर पंखा लावा, भागतं तेवढ्यात." मग भिंतीवर कोपर ठेवून त्यांनी आवाज पुन्हा खाली आणला. "आणि वहिनी, एका एसीत दोघी बसलो म्हणजे माणशी कार्बन निम्मा होतो ना? हिशेब तुमच्या लेकीचाच आहे हो, मी आपलं विचारलं."